उसाच्या बिलापासून जिनिव्हापर्यंत : सीमाभागातून आंतरराष्ट्रीय संबंध शिकताना

बी.ए.चं शेवटचं वर्ष सरत आलं की निपाणी, चिकोडी, खानापूरकडची मुलं-मुली विचारायला येतात, "मॅडम, एम.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंध घेऊ का?" या प्रश्नामागे दोन भीती असतात. हा विषय दिल्लीच्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांचा, ही एक. आणि यातून नोकरी कसली मिळणार, ही दुसरी. नोकरीचं पुढे सविस्तर लिहिते. पहिली भीती मात्र आधीच काढून टाका. मी निपाणीजवळच्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बेळगावात बी.ए., कोल्हापुरात एम.ए., मग काही वर्षं दिल्लीत संशोधन साहाय्यक म्हणून काम, आणि आता परत इकडे येऊन शिकवते. या सगळ्या काळात मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो घरी, शिवारात आणि एसटीत ऐकलेल्या बोलण्याचा.

नव्यानं येणाऱ्यांना मला सांगायचंय ते एवढंच आहे : परराष्ट्र धोरणावरच्या आजच्या प्रत्येक मोठ्या वादाचा एखादा धागा आपल्या जिल्ह्यातून जातो. तो धागा आधी पकडा, मग त्या वादाचा मूळ कागद वाचा, आणि मग त्यातल्या प्रत्येक पक्षाची बाजू स्वतःच्या हातानं लिहून काढा. सिद्धान्तांची पुस्तकं त्यानंतर वाचलीत तर कळतात. आधी वाचली तर फक्त पाठ होतात.

ऊस, आप्पा आणि जागतिक व्यापार संघटना

आमच्याकडे ऊस आहे. बेळगाव जिल्ह्यात कुणाकडे नाही? तोडणीची टोळी कधी येणार, काट्यावर वजन बरोबर होणार का, बिल कधी जमा होणार, यावर घरातला निम्मा हिवाळा जातो. मी दिल्लीत असताना जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेच्या एका निकालावर काम करत होते आणि सुट्टीत घरी आल्यावर आप्पांना तो समजावून सांगत होते. प्रकरण असं : २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी भारताविरुद्ध तक्रार केली. भारत सरकार उसाला जो रास्त आणि किफायतशीर भाव, म्हणजे आपण म्हणतो ती एफआरपी, ठरवून देतं, ती शेतीच्या अनुदानात मोजली पाहिजे आणि ती मर्यादेबाहेर गेली आहे, असं त्यांचं म्हणणं. विकसनशील देशाला एका पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत अशा मदतीची मुभा असते. १४ डिसेंबर २०२१ रोजी संघटनेनं या तंट्यासाठी नेमलेल्या पॅनेलचा अहवाल आला आणि २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारतानं ती मर्यादा ओलांडली, असं त्यात म्हटलं. साखरेच्या निर्यातीला दिलेल्या मदतीवरही ताशेरे होते.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आगं पोरी, बिल देतोय कारखाना. सरकार कुठं एक रुपाया देतंय? मग त्या ब्राझीलवाल्याचं पोट का दुखतंय?"

जिनिव्हात भारतानं मांडलेला मुख्य मुद्दा नेमका हाच होता. एफआरपी कारखाने देतात, सरकारच्या तिजोरीतून पैसा जात नाही, म्हणून हा 'बाजारभावाचा आधार', म्हणजे भाव बांधून केलेली सरकारी मदत, धरता येणार नाही. पॅनेलनं तो फेटाळला, आणि फेटाळण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सरकारनं स्वतः खरेदी केलीच पाहिजे असं करारात नाही. कायद्यानं भाव बांधून दिला आणि कारखान्याला तो देणं भाग पाडलं, की तो आधारच झाला, असा त्यांचा अर्थ. आता तुम्ही ठरवा यातली कुठली बाजू पटते. माझ्या मते पॅनेलनं करारातल्या शब्दांना धरून अर्थ लावला, पण त्या करारातलं मोजमापच शेतकऱ्यावर अन्याय करणारं आहे. आजचा भाव १९८६ ते १९८८ च्या जागतिक किमतींशी ताडून आधार किती झाला ते काढतात. इतक्या वर्षांच्या महागाईनंतर या हिशेबात भारतासारखा देश दोषी ठरणार हे उघड आहे. भारत अन्नधान्याच्या सरकारी साठ्याच्या प्रश्नावर जिनिव्हात वर्षानुवर्षं भांडतोय, त्यातलं एक मूळ दुखणं हे मोजमापच आहे.

पुढचा भाग विद्यार्थ्यांना फार आवडतो. भारतानं जानेवारी २०२२ मध्ये अपील केलं. पण अपील ऐकायला तिथे कुणी बसलेलंच नाही. सात जागांच्या त्या अपील मंडळात एक प्रकरण ऐकायला तीन सदस्य लागतात, आणि अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ बंद पडलं आहे. निकाल तसाच लटकला. आप्पांच्या उसावरचा एक खटला रिकाम्या खुर्च्यांपुढे पडून आहे. 'नियमांवर चालणारी जागतिक व्यवस्था टिकेल का' हा वाद तुम्ही इंग्रजी नियतकालिकांत वाचाल, तेव्हा ही गोष्ट डोळ्यापुढे ठेवा. आणि प्रामाणिकपणे हेही लिहा की त्या व्यवस्थेच्या पडझडीचा इथे भारताला फायदा झाला. हीच व्यवस्था धड असती तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ आणि मग रशियन तेलाचं कारण देऊन आणखी २५ टक्के शुल्क लावलं, तेव्हा दाद मागायची एक खरी जागा उरली असती.

आणखी एक. ज्या ब्राझीलनं आपल्याला खेचलं, तोच ब्राझील ब्रिक्स या देशगटात आपला जुना साथीदार आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत जागतिक जैवइंधन आघाडी जाहीर झाली, तिच्या पुढाकारात भारत, ब्राझील आणि अमेरिका तिघंही होते. आपल्या कारखान्यांतलं इथेनॉल ही त्या आघाडीची भाषा. देश एकमेकांचे मित्र किंवा शत्रू असतात, असं समजून या विषयात आलेल्या मुलाला हे एक उदाहरण महिनाभर पुरतं.

असे धागे आणखी आहेत. निपाणीचा तंबाखू घ्या. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथे तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडवला होता, ते आंदोलन घराघरांत माहीत आहे. पण भारतानं २००४ मध्ये तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली आणि त्याच्या १७ व्या कलमात तंबाखू पिकवणाऱ्यांना आणि त्यावर राबणाऱ्यांना पर्यायी रोजगार मिळावा यासाठी मदत करण्याची गोष्ट आहे, हे वखारीत आणि विडी वळायला बसणाऱ्या आमच्या बायांना कुणी सांगितलेलं नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांना विचारा, युरोपच्या कार्बन शुल्काचं काय. माल बनवताना किती कार्बन बाहेर पडला त्यावरून आयातीला लागणारं हे शुल्क. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा मालावर १ जानेवारी २०२६ पासून ती व्यवस्था पूर्णपणे लागू झाली. हवामानासाठीचं पाऊल की गरीब देशांच्या मालाला अडवायची नवी भिंत, हा वाद तिथे रोजच्या धंद्याचा आहे. या दोन्हींवर आमच्या भागातून कुणीतरी नीट प्रबंध लिहायला हवा. मला खरंच वाटतं.

पाणी : वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे

सिंधू पाणीवाटप करार १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत झाला. जागतिक बँकेच्या मध्यस्थीनं नेहरू आणि अयुब खान यांनी सह्या केल्या. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारतानं तो स्थगित ठेवला. वर्गात यावर चर्चा सुरू झाली की एकदम दोन तट पडतात आणि दोन्हीकडे आवाज चढतात. अशा वेळी मी विषय चिकोडीवर आणते.

कृष्णा आपल्याकडे महाराष्ट्रातून येते. कोयनेतून पाणी सुटलं की चिकोडी, कागवाड, रायबागच्या काठावरची गावं जीव मुठीत धरतात. म्हणजे आपण खालच्या अंगाचे. पण त्याच पुरात सांगली-कोल्हापूरचे लोक कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाकडे बोट दाखवतात, की खाली पाणी अडवल्यामुळे वर फुगवटा येतो. आणि म्हादई? ती खानापूर तालुक्यातल्या जंगलात उगवते आणि गोव्यात मांडवी होते. तिथे आपण वरच्या अंगाचे. २०१८ मध्ये म्हादई लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं तेव्हा इकडे कमी मिळालं म्हणून नाराजी होती आणि गोव्यात जास्त दिलं म्हणून. एकाच जिल्ह्यातला माणूस एका नदीवर ज्या युक्तिवादानं हक्क सांगतो, दुसऱ्या नदीवर तोच युक्तिवाद त्याच्यावर उलटतो.

भारताची अवस्था हीच आहे. सिंधू आणि गंगेवर तो पाकिस्तान, बांगलादेशाच्या वरच्या अंगाला. ब्रह्मपुत्रेवर चीनच्या खालच्या अंगाला. चीननं जुलै २०२५ मध्ये तिबेटात यारलुंग त्सांगपोवरच्या (ब्रह्मपुत्रेचं तिथलं नाव) प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केलं. आंतरराष्ट्रीय नद्यांच्या वापराबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९९७ मध्ये आमसभेत आला तेव्हा चीननं विरोधात मत दिलं, भारत आणि पाकिस्तान दोघंही तटस्थ राहिले. का राहिले असतील, यावर दोन पानं लिहून आणा, हा माझा नेहमीचा गृहपाठ.

सिंधू कराराचा मूळ मजकूर फुकट मिळतो. त्यातलं बारावं कलम वाचा. दोन्ही सरकारांनी त्यासाठी नवा करार करून मान्यता देईपर्यंत हा करार चालू राहील, असं तिथे आहे. एकतर्फी स्थगितीची तरतूद त्यात सापडत नाही. मग भारताचा कायदेशीर पाया कोणता? परिस्थिती मुळातून बदलली, दहशतवादामुळे करारामागचा सद्भावच उरला नाही, ही भारताची मांडणी. दुसरा व्यवहारातला प्रश्न साठवणीचा : पश्चिमेकडच्या नद्यांवर मोठी साठवण नसताना पाणी अडवणार कुठे? टीव्हीवरच्या चर्चेत हे दोन प्रश्न फार कमी वेळा येतात. माझं मत विचाराल तर स्थगितीमागचा संताप मला पूर्ण समजतो, पण ब्रह्मपुत्रेवर उद्या आपल्याला याच नियमांचा आधार मागावा लागणार आहे, हे विसरून केलेली मांडणी मी अपुरी समजते.

इथे सीमाभागातल्या मुलांच्या हाती एक साधन आहे, जे पुण्या-मुंबईच्या मुलांकडे नसतं. आपण मराठी आणि कन्नड दोन्ही वाचू शकतो. २०१९ च्या महापुराच्या बातम्या दोन्ही भाषांतल्या पेपरांत शेजारी ठेवून वाचा. तेच पाणी, तेच धरण, तेच आकडे. पण कुणी सोडलं, कुणी अडवलं, कुणाला उशीर झाला, याची मांडणी पार वेगळी. ही सवय लागली की भारत-चीन चकमकीची बातमी दिल्लीच्या आणि बीजिंगच्या निवेदनांतून शेजारी ठेवून वाचणं सोपं जातं. ज्यांना कन्नड नीट वाचता येत नाही त्यांनी ते शिकावं. त्यानं मराठीपण कणभर कमी होत नाही, आणि संशोधक म्हणून तुमची नजर दुप्पट होते.

बेळगावातून निघालेलं सैन्य

डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात गेलेल्या भारतीय सैन्याची जमवाजमव बेळगावात झाली होती. मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी इन्फंट्री डिव्हिजन आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड. १८ तारखेला कारवाई सुरू झाली, १९ ला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. खानापूर-लोंढ्याकडच्या वयस्कर लोकांकडून त्या दिवसांतल्या लष्करी गाड्यांच्या आठवणी मी ऐकल्या आहेत. आपल्यासाठी तो मुक्तीचा दिवस, आणि तो तसाच आहे. पण या विषयाच्या विद्यार्थ्यानं त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये काय झालं तेही वाचायला हवं.

१८ डिसेंबरलाच पोर्तुगाल सुरक्षा परिषदेत गेला. युद्ध थांबवा आणि भारतानं सैन्य मागे घ्यावं, असा ठराव पाश्चात्त्य देशांनी आणला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्ससह ७ मतं बाजूनं. सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक ही ४ विरोधात. सोव्हिएत नकाराधिकारामुळे ठराव पडला. पोर्तुगालचं म्हणणं : संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(४) बळाचा वापर नाकारतं, मग कारण काहीही असो. भारताचं म्हणणं : वसाहत हेच मुळात चालू असलेलं आक्रमण आहे, जी जमीन आपलीच आहे तिच्यावर आक्रमण कसलं? आमसभेनं डिसेंबर १९६० मध्ये वसाहती संपवण्याचा १५१४ क्रमांकाचा ठराव केला होता, आणि लगेच १५४२ क्रमांकाच्या ठरावात गोव्यासह पोर्तुगीज प्रदेशांची नावं घालून पोर्तुगालचा 'हे आमचे सागरापलीकडचे प्रांत' हा दावा नाकारला होता. भारताची बाजू इथे भक्कम होते. तरी प्रश्न उरतोच : दावा न्याय्य असला म्हणजे सैन्य पाठवणंही कायदेशीर ठरतं का?

एका वर्षी वर्गात मी दोन गट केले. एका मुलीचे आजोबा १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते. तिला मी मुद्दाम पोर्तुगालच्या गटात घातलं. ती नाराज झाली, तसं बोललीही. पण तिनं सनद वाचली, परिषदेतली भाषणं काढली, आणि इतकी नेटकी बाजू मांडली की भारताच्या गटाला उत्तर शोधायला ग्रंथालयात परत जावं लागलं. तिची स्वतःची श्रद्धा तसूभर हलली नव्हती. फक्त ती श्रद्धा आता युक्तिवादासकट उभी होती. ती मुलगी आज पीएच.डी. करते आहे.

बळाच्या वापराचा हाच प्रश्न पुन्हा आला तो युक्रेनमध्ये. रशियानं तिथून सैन्य मागे घ्यावं असा ठराव २ मार्च २०२२ ला आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी झाला, ३५ देश तटस्थ राहिले, त्यात भारत. युरोपातल्या टीकाकारांना ते पटलं नाही. धोरणात्मक स्वायत्ततेवरचा, म्हणजे कुठल्याही गटाला न बांधता स्वतःचे निर्णय घेण्यावरचा, आजचा सगळा वाद या तटस्थतेभोवती फिरतो : युद्धाआधी आपल्या तेल-आयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांच्याही आत होता, पुढे तो एक तृतीयांशाच्या वर गेला, एकीकडे अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाबरोबरचा क्वाड गट, दुसरीकडे ब्रिक्स, जून २०२० मध्ये गलवानला २० जवान गमावल्यानंतर चीनशी ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीचा समझोता. यावर मतं देणारे ढिगानं सापडतील. तुम्ही आधी भारताच्या प्रतिनिधीनं मतदानानंतर दिलेलं स्पष्टीकरण वाचा. त्यात काय म्हटलं आहे याच्याइतकंच काय म्हटलेलं नाही हे महत्त्वाचं असतं. १९६१ चा नकाराधिकार आपल्या कामी आला आणि आज आपण ब्राझील, जर्मनी, जपानबरोबरच्या जी-४ गटामधून सुरक्षा परिषदेच्या सुधारणेसाठी झटतो, ही दोन्ही सत्यं एकत्र धरून ज्याला लिहिता येतं त्याला हा विषय जमला.

सीमाप्रश्नाचा चष्मा

हे लिहिणं मला जड जातं, पण नवीन मुलांसाठी आवश्यक आहे. आपल्यातली बहुतेक मुलं 'सीमा' हा शब्द घरात ऐकतच मोठी होतात. १ नोव्हेंबरचा काळा दिवस, महाजन आयोग, ८६५ गावं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा. त्यामुळे जगातला कुठलाही सीमावाद आला की हात आपोआप वर जातो, "मॅडम, आमच्यासारखंच!" या ओळखीचा फायदा आहे. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा : महाराष्ट्राच्या मागणीचे हे चार निकष आपल्याला तोंडपाठ असतात. आफ्रिकेतल्या देशांनी १९६४ मध्ये कैरोत नेमकी उलटी वाट धरली. भाषा किंवा जमात न बघता वसाहतकाळात आखलेल्या रेषाच कायम ठेवायच्या, नाहीतर खंडभर युद्धं पेटतील, असं त्यांनी ठरवलं. हे वाचताना दिल्लीचा विद्यार्थी नुसती नोंद करतो. आपल्याला पोटातून कळतं की त्या ठरावात कुणाला काय गमवावं लागलं असेल.

पण तोल जायची जागाही हीच. आपला प्रश्न एका घटनेखालचा, दोन राज्यांमधला आहे. निपाणीचा माणूस कागलच्या बाजाराला जाताना कुणाला पासपोर्ट दाखवत नाही. काश्मीर, पॅलेस्टाईन, युक्रेन यांच्यावर हा चष्मा लावला तर तिथलं सैन्य, निर्वासित, परकी सत्ता, सगळं पुसट होतं. खरी तुलना करायचीच असेल तर भारत-बांगलादेश सीमेवरच्या छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या हद्दीनं वेढलेल्या दुसऱ्या देशाच्या वस्त्यांची, करा. १९७४ चा करार प्रत्यक्षात यायला ३१ जुलै २०१५ ची मध्यरात्र उजाडली. तेव्हा १६२ वेढलेल्या वस्त्यांची अदलाबदल झाली, त्यासाठी शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. रेषा हलते तेव्हा रेशन कार्ड, शाळेचा दाखला, सातबारा यांचं काय होतं, हे तिथे दिसतं. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, कारण तो आपण जगतो आहोत.

प्रवेश, भाषा, नोकरी

इंग्रजीची धास्ती खरी आहे, ती मी नाकारणार नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी किंवा कन्नडमध्ये बसायचं, हे आपल्या मुलांच्या वाट्याला येतं. उपाय एकच मला ठाऊक आहे : कागद इंग्रजीत वाचा, विचार मराठीत लिहा, मग तोच इंग्रजीत लिहा. सार्वजनिक वाचनालयात बसून मी हेच करायची. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशाशी असलेल्या संबंधांची टिपणं, पत्रकार परिषदांचे पूर्ण मजकूर आणि संसदेतली उत्तरं मिळतात. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीचे अहवाल तर कुठल्याही महागड्या शिकवणीपेक्षा मोलाचे आहेत. यूट्यूबवरचे नकाशे आणि बाण दाखवणारे व्हिडिओ बघायचे तर हे वाचून झाल्यावर बघा.

प्रवेशाचं थोडक्यात. जेएनयूचं आंतरराष्ट्रीय अध्ययन केंद्र देशातलं या विषयाचं सर्वांत जुनं. १९५५ मध्ये दिल्लीत स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झालं आणि १९७० मध्ये जेएनयूत आलं. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून, फी अजूनही गरिबाच्या मुलाला झेपणारी. दिल्लीतच सार्क देशांचं दक्षिण आशियाई विद्यापीठ आहे, तिथे शेजारी देशांतली मुलं वर्गात भेटतात. जवळ हवं असेल तर पुणे विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग, किंवा मणिपालचा भूराजकारण विभाग. मणिपालचा खर्च मात्र आधी विचारून घ्या. कोल्हापूर, धारवाड किंवा भूतरामनहट्टीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठातून राज्यशास्त्र करूनही पुढे येता येतं. मी तशीच आले. गोव्यात पोर्तुगीज शिकायची सोय आहे, आणि चोर्ल्याच्या घाटानं पणजी आपल्याला बेंगळुरूपेक्षा कितीतरी जवळ. पोर्तुगीज आलं तर ब्राझील, अंगोला, मोझांबिक उघडतात. ही भाषा जाणणारे परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक भारतात फार थोडे आहेत.

नोकरीचं खरं चित्र असं. परराष्ट्र सेवेच्या जागा मोजक्या असतात आणि वाट यूपीएससीतूनच जाते. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत असली तरी मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते. राज्यशास्त्र हा वैकल्पिक विषय घेतला तर दुसरा पेपर मोठ्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय संबंधांचा असतो, आणि सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरातही तो येतो. अभ्यासाची पुनरुक्ती वाचते. अध्यापनासाठी नेट किंवा राज्याची सेट. दिल्ली, मुंबई, बेंगळुरूच्या धोरण-अभ्यास संस्थांत सुरुवातीचा पगार बेताचा, कंत्राट वर्षा-वर्षाचं, आणि निवड तुमच्या लिहिलेल्या चार पानांवर होते. एका ठिकाणी माझा अर्ज महाविद्यालयाचं नाव बघूनच बाजूला पडला होता. दुसरीकडे उसाच्या निकालावरचं टिपण वाचून बोलावलं. म्हणून लिहिलेलं काहीतरी हातात ठेवा. आणि एक वाट कुणी सांगत नाही : निर्यात करणाऱ्या कारखान्यांना व्यापार करार, शुल्क, कार्बनचे नियम वाचून सांगणारी माणसं लागतात. माझे दोन विद्यार्थी बेळगावातच हे काम करतात आणि घर चालवतात. घरच्यांना समजावताना, विशेषतः मुलींनी, या कामाचं उदाहरण द्या. "परदेशात जाणार का गं?" या काळजीचं उत्तर त्यात मिळतं.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर मी भारत-बांगलादेशातला गंगेच्या पाण्याचा करार देते. १२ डिसेंबर १९९६ ला तो दिल्लीत झाला. सह्या शेख हसीना आणि आपल्या कर्नाटकाचे एच. डी. देवेगौडा यांच्या. मुदत ३० वर्षांची, म्हणजे ती डिसेंबर २०२६ पर्यंत. मजकूर छोटा आहे, जोडीला फराक्का बंधाऱ्यावरच्या पाण्याच्या वाटपाचं कोष्टक : १ जानेवारी ते ३१ मे या काळात प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं; ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशाला ३५ हजार; त्याच्या वर गेला तर भारताला ४० हजार आणि उरलेलं बांगलादेशाला. तो वाचा आणि तीन टिपणं लिहा. पहिलं ढाक्याच्या अधिकाऱ्याच्या जागी बसून, दुसरं दिल्लीच्या, तिसरं कोलकात्याच्या, कारण २०११ मध्ये तिस्ता नदीच्या पाण्याचा बांगलादेशाबरोबरचा करार पश्चिम बंगालच्या विरोधामुळेच अडला होता आणि परराष्ट्र धोरणात राज्याला किती आवाज असावा हा वाद तेव्हापासून पेटलेला आहे. प्रत्येक टिपण दोन पानांपेक्षा मोठं नको. तिसरं लिहिताना चिकोडीचा पूर आणि म्हादई आठवतील, ते आठवू द्या, पण टिपणात कोलकात्याचेच आकडे घाला. लिहून झाली की घेऊन या, आपण बसून वाचू.